सात मुले

आम्ही पाटण्याला गेलो ते खुदाबख्श ग्रंथालयासाठी. उर्दू शिकवणाऱ्याने तिथली हस्तलिखिते एकदा तरी डोळ्यांनी पाहावीत. परतताना रिक्षा जुन्या सचिवालयापाशी थांबली आणि समोर ब्राँझची सात मुले दिसली. झेंडा घेऊन निघालेली. काही कोसळताहेत, बाकीची पुढेच चालली आहेत. ११ ऑगस्ट १९४२ रोजी सचिवालयावर तिरंगा लावायला निघालेल्यांवर इथे गोळीबार झाला, त्यात सात विद्यार्थी गेले. त्यांत नववीत शिकणारेही होते. आम्ही नववीलाच शिकवतो.

हे शिल्प देवीप्रसाद रायचौधुरींचे. अनावरण १९५६ चे. ते स्वतः मास्तर होते, हे आम्हांला मागाहून कळले. जन्म १८९९ चा, रंगपूरकडचा, म्हणजे आजच्या बांगलादेशातला. चित्रकला ते अवनींद्रनाथ टागोरांकडे शिकले. १९२९ मध्ये मद्रासच्या सरकारी कलाशाळेचे प्रमुख झाले. त्या खुर्चीवर बसलेले पहिले भारतीय. जवळजवळ २८ वर्षे तिथे काढली. के. सी. एस. पणिक्कर त्यांचेच शिष्य, पण पुढे गुरूच्या वाटेने गेले नाहीत. शिष्याने तसे जाऊही नये. मरीना किनाऱ्यावर १९५९ मध्ये त्यांचे 'श्रमाचा विजय' उभे राहिले: चार मजूर अंगातली सारी ताकद लावून एक प्रचंड दगड हलवताहेत.

त्या मजुरांचा फोटो पाहून आम्ही अस्वस्थ झालो. आमच्या वर्गातल्या एका मुलाने कार्यानुभवाच्या तासाला मातीचा माणूस केला होता. पाठीवर पोते, कमरेत वाकलेला. त्याचे अब्बा बाजारात हमाल. आमच्या घरी भिंतीवर तसबीर नसते, आणि पालकांत 'सर, पोरांना बुत करायला शिकवता?' असे विचारणारे आहेत. कुणी विचारण्याआधीच आम्ही म्हणालो, "मोडून टाक, बेटा." त्याने मुकाट्याने मोडला. पूजेचा त्यात संबंधच काय होता? बाप होता तो त्याचा.

ब्राँझच्या पुतळ्यातही आधी मातीच असते. मातीचा माणूस, त्यावरून साचा, साच्यात मेण, आणि मेण वितळून गेले की त्या पोकळीत धातूचा तापलेला रस.

यंदा त्या मुलाला आम्ही पुन्हा माती दिली. म्हटले, तुला हवे ते कर. त्याने सुरई केली. चांगली केली.