विजापूर, बदामी, हंपी वगैरे

गाडी काढून लांब कुठेतरी जायचं ठरलं की आमच्या घरात दोन पंथ पडतात. एक माझा. धंद्याने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आधी एक्सेल शीट. तारीख, कुठून, कुठे, किलोमीटर, मुक्काम, आणि शेवटच्या रकान्यात 'बफर'. दुसरा पंथ बाबांचा. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण वहीची सवय काही सुटली नाही. निघताना मीटरचा आकडा, पेट्रोल किती भरलं, वाटेत कुठल्या नदीला किती पाणी होतं, चहा कुठे चांगला मिळाला. माझं शीट निघायच्या आधीच पूर्ण भरलेलं असतं, त्यांची वही घरी आल्यावर भरते. पाच वर्षांनी दोन्हीतलं कुठलं उघडून बघावंसं वाटतं हे सांगायला नकोच.

तर मंडळी, गेल्या डिसेंबरात आम्ही पाच जण सांगलीहून निघालो. आई, बाबा, मी, ही आणि आमचं सहा वर्षांचं कन्यारत्न. विजापूर, बदामी, ऐहोळे, पट्टदकल आणि हंपी. पाच दिवस.

खरं म्हणजे गाडीत सहावाही कोणीतरी होता. कंपनीने मला म्युनिकच्या ऑफिसात तीन वर्षांसाठी जाणार का म्हणून विचारलं होतं. बायकोमुलीसकट. दिवाळीत घरी सांगितलं तेव्हा आई "बरं" म्हणाली, बाबा "बघ" म्हणाले आणि लगेच फराळाचा विषय निघाला. त्यानंतर दीड महिना फोनवर हवापाण्याच्या, गुडघ्याच्या आणि टाकीत पाणी चढत नसल्याच्या गप्पा झाल्या. म्युनिक काही निघालं नाही. उत्तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात द्यायचं होतं.

असो. मिरज सोडलं की उसाचा हिरवा रंग हळूहळू फिका होत जातो आणि जत येईपर्यंत माळ सुरू होतो. बोडक्या टेकड्या, पवनचक्क्या, मधूनच डाळिंबाची बाग. जतच्या पुढे दुकानांच्या पाट्या निम्म्या कन्नडमध्ये, आणि आपण अजून महाराष्ट्रातच असतो! चहाच्या टपरीवर आईने मराठीत विचारलं, टपरीवाल्याने कानडीत सांगितलं, पैसे दोघांना बरोबर कळले. सीमाप्रश्नावर लोक तावातावाने बोलतात तेव्हा मला ही टपरी आठवेल.

विजापूरचं नाव २०१४ पासून विजयपुरा आहे, पण आमच्या गाडीत शेवटपर्यंत विजापूरच राहिलं. शाळेत इतिहासाच्या पुस्तकात हे गाव इतक्यांदा येतं की ते प्रत्यक्षात कुठेतरी असेल, तिथे रिक्षा असतील, केळ्याचे गाडे असतील असं वाटतच नाही. आपल्यासाठी विजापूर म्हणजे दरबार आणि अफझलखान. तिथे गेल्यावर कळतं की हे एक फार सुंदर शहर आहे आणि ते कोणीतरी फार प्रेमाने बांधलेलं आहे.

गोल घुमट सगळ्यांना माहीत आहे. मोहम्मद आदिलशहाची कबर. १६५६ मध्ये तो वारला. घुमटाचा बाहेरचा व्यास ४४ मीटर. आत एकही खांब नाही! मी खाली उभा राहून बराच वेळ फक्त कमानी बघत होतो. एकावर एक, किंचित फिरवून ठेवलेले दोन चौरस डोळ्यासमोर आणा. त्या रेषांवर एकमेकींना छेदत जाणाऱ्या आठ कमानी. चौकोनी खोलीचा वर येता येता अष्टकोन होतो, आणि त्या अष्टकोनावर घुमट बसतो. कमानी घुमटाचा भार भिंतींवर उतरवतात, आणि आत झुकल्यामुळे घुमटाचा बाहेर ढकलणारा जोरही सांभाळतात. आमच्याकडे असं डिझाइन कोणी केलं तर त्यावर तीन महिने मीटिंगा होतील आणि शेवटी मधे एक खांब टाकतील.

वरच्या सज्जात कुजबुज ऐकू येते ही ख्याती. प्रत्यक्षात तिथे कुजबुज कोणी करत नाही, शाळांच्या सहली येतात आणि शिट्ट्या मारतात. म्हणून आम्ही भल्या सकाळी गेलो. आईच्या गुडघ्यांनी जिने नाकारले, ती खाली बाकावर बसली. वर आम्ही चौघं आणि एक झाडूवाला. कन्येने एका बाजूने भिंतीला तोंड लावून "आजोबा, तुमचा चश्मा वाकडा आहे" असं सांगितलं आणि पलीकडून आजोबांनी तो सरळ केला. ती इतकी हसली की हसू सात-आठ वेळा परत आलं.

मग ती दोघी पुढे गेल्या. मी एका टोकाला आणि बाबा समोरच्या टोकाला, मधे सगळा घुमट रिकामा. भिंतीतून आवाज आला, "ऐकू येतंय का?"

"येतंय."

"बरं."

एवढंच. पुढे दोघांनाही काही सुचलं नाही.

मुलूख-ए-मैदान तोफेबद्दल लिहायला हवं, कारण ती आपल्याकडची आहे. १५४९ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, ओतलेली. वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी एक हिंस्र जनावर, त्याच्या जबड्यात हत्ती. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर होती, तिथून विजापूरला आणली. १८५४ मध्ये इंग्रजांनी निरुपयोगी सामान म्हणून तिचा लिलाव पुकारला तर सगळ्यात मोठी बोली आली दीडशे रुपये. सुदैवाने विकली नाही. बाबांनी हे वहीत लिहिलं आणि पुढे कंसात लिहिलं, 'वाहतूक खर्च कोणाचा?' खातं सुटलं तरी टेंडर सुटत नाही.

आणि हो, एकच वास्तू बघायला वेळ असेल तर गोल घुमट सोडा आणि इब्राहिम रोझा बघा. गोल घुमट तुम्हाला लहान करतो, रोझा तुम्हाला बसवून घेतो. माझं मत.

दुपारी बदामीकडे निघालो. कोल्हारजवळ कृष्णेवर लांबलचक पूल आहे. खाली नदी म्हणवत नाही, समुद्रच. हे अलमट्टीचं पाणी. "थांबव," बाबा म्हणाले. पूल ओलांडून गाडी कडेला घेतली. सांगलीकरांसाठी अलमट्टी हे नुसतं धरण नाही. २००५ च्या आणि २०१९ च्या पुरात आमच्या घरात पाणी आलं होतं. दुसऱ्या वेळी मी पुण्यात होतो आणि दोन दिवस आईबाबांचा फोन लागत नव्हता. दोन्ही पुरांनंतर गावात ज्याच्या त्याच्या तोंडी अलमट्टी. धरणाची उंची ५१९ मीटरवरून ५२४ वर न्यायचं कर्नाटकाने काढलंय, त्यावरून दोन्ही राज्यांचं भांडण चालू आहे. दोष फुगवट्याचा किती, वर झालेल्या पावसाचा किती आणि नदीपात्रात आपणच केलेल्या बांधकामांचा किती, यावर बाबा एरवी तासभर बोलू शकतात. त्या दिवशी बोलले नाहीत. हात मागे बांधून उभे राहिले आणि मग म्हणाले, "आपल्या दारातनं गेलेलं पाणी इथं येऊन किती शांत झालंय बघ."

बदामीचा तांबडा दगड संध्याकाळी पेटतो. अगस्त्य तलावाच्या काठाने कपारीत लेणी. तिसऱ्या लेण्यात कोरलेलं साल इसवी सन ५७८ चं. माकडं फार, पाण्याची बाटलीसुद्धा हातात धरू नका. जेवणासाठी तिथल्या खानावळी शोधा. कन्नड पाटीवरही शब्द 'खानावळी'च! ज्वारीची भाकरी, वांग्याचं एण्णेगाई (म्हणजे आपल्या भरल्या वांग्याची सख्खी बहीण), शेंगदाण्याची चटणी, दही. आईने बांधून आणलेल्या दशम्या तशाच राहिल्या. तिला जरा लागलं, पण भाकरी पातळ कशी थापतात ते तिने आत जाऊन बघून घेतलंच.

पट्टदकलला राणी लोकमहादेवीने नवऱ्याच्या कांचीवरच्या विजयासाठी बांधवलेलं विरूपाक्ष मंदिर आहे. ते बघताना आपण हे आधी कुठेतरी पाहिलंय असं सारखं वाटत राहतं. बरोबर आहे, वेरूळच्या कैलासाशी त्याचं जवळचं नातं आहे. ऐहोळेला मात्र आम्ही मुद्दाम टेकडी चढून मेगुती मंदिरापर्यंत गेलो. तिथे रविकीर्तीचा ६३४ सालचा शिलालेख आहे. भाषा संस्कृत. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीची स्तुती. त्यात म्हटलंय की तो तीन महाराष्ट्रकांचा आणि त्यातल्या नव्व्याण्णव हजार गावांचा स्वामी झाला. म्हणजे आपलं नाव दगडावर वाचायला कर्नाटकातल्या टेकडीवर जायचं, आणि तिथे आपण जिंकलेल्यांच्या यादीत! बाबांना ही गोष्ट फारच आवडली.

बदामी ते हंपी अंतर दीडशेच्या आसपास. मागे आई, ही आणि कन्या, तिघी झोपलेल्या. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना सूर्यफूल आणि तूर. गाडीत एक सोय असते, दोघांचीही नजर समोर असते. घरी समोरासमोर बसून जे बोलता येत नाही ते विंडस्क्रीनला सांगता येतं.

"तीन वर्षं म्हणजे तीनच का?" बाबांनी विचारलं.

"कागदावर तीन. पुढे वाढू शकतात."

"वाढतातच." थोडा वेळ काही नाही. एक ट्रॅक्टर ऊस घेऊन चालला होता, त्याला ओव्हरटेक करेपर्यंत ते थांबले. "पूर आला तर वरच्या मजल्यावर जायचं एवढं आम्हाला येतं. ते तू डोक्यातनं काढ. तुझ्या आईचं मात्र मी सांगू शकत नाही. ती मला सांगत नाही."

"तुमचं?"

"माझं काय. मी तुला इंजिनिअर करायला निघालो तेव्हाच हे धरलेलं होतं." मग वही उघडून त्यांनी मीटरचा आकडा लिहिला. त्याची वेळ झाली नव्हती, पन्नास किलोमीटर आधीच लिहिला.

हंपीबद्दल इतकं लिहून झालंय की मी थोडक्यात आवरतो. कोणीतरी राक्षसाने गोट्या खेळून तशाच टाकाव्यात तसे ग्रॅनाइटचे धोंडे, मधून तुंगभद्रा, आणि त्यात विखुरलेली एक राजधानी. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर लुटली गेलेली. दोन दिवसांपूर्वी ज्यांचे घुमट बघून आपण भारावलो तेच इथे विध्वंसात सामील होते. हा हिशेब मला अजून नीट जुळवता आलेला नाही. कन्येला विरूपाक्ष मंदिरातली अंधारी खोली आवडली. भिंतीतल्या छोट्या झरोक्यातून बाहेरच्या गोपुराची उलटी प्रतिमा आत पडते. पिनहोल कॅमेरा समजावायला मला याहून सोपी जागा मिळाली नसती.

आईला मात्र एकच देऊळ बघायचं होतं, विठ्ठलाचं. आमच्या आजोळी वारी आहे. कृष्णदेवरायाने पंढरपूरची मूर्ती हंपीला नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, ही कथा आईने आम्हाला भाताबरोबर भरवलेली. इतिहास-संशोधकांची यावर मतमतांतरं आहेत. ती तिच्यासमोर काढायची माझी हिंमत नाही.

वाहनतळापासून बॅटरीच्या गाडीने नेतात. आवारात दगडी रथ. बाबांनी खिशातून पन्नासची नोट काढून नातीला नोटेवरचा रथ आणि समोरचा रथ ताडून दाखवला. सुरांचे खांब आता वाजवू देत नाहीत, ते बरंच आहे. सगळे फोटो रथापाशी. देवळाच्या गाभाऱ्याशी कोणीच नाही, कारण आत देवच नाही. नुसता काळोख आणि वटवाघळांचा वास.

आई चपला काढून आत गेली आणि हात जोडून उभी राहिली. बराच वेळ.

"आई, आत मूर्ती नाहीये," ही हळूच म्हणाली.

"माहितेय गं. रिकामाच बघायला आले. घरी पोचला ना तो." मग माझ्याकडे न बघता पुढे म्हणाली, "त्याचं इथे काही वाईट झालं नाही हो. एवढं देऊळ बांधलं त्याच्यासाठी. मला वाटायचं डांबून ठेवलं असेल."

ती चपला घालायला वाकली तेव्हा मी हात दिला. तिने तो घेतला, मग उजव्या गुडघ्याला शिवी दिली आणि नात कुठे गेली म्हणून विचारलं.

परतताना बाबांनी मागची सीट मागितली, पहिल्यांदाच. नातीबरोबर फुली-गोळा खेळत बसले. विजापूर बायपासला गाडी वळवत होतो तेव्हा मागून आवाज आला, "तिकडे उजव्या बाजूने गाडी चालवतात ना रे?"

"हो."

"मग सुरुवातीला डावीकडे वळताना जपून. पहिले पंधरा दिवस हिला शेजारी बसव, बघायला."

आईने दशम्यांचा डबा उघडला.