डबा नजरेआड जातो

बिरवाडी, महाड

प्रिय बाळा,

मे महिन्यात तू इथे दोन दिवस सुशीचे डबे विकणार आणि रात्री आठ-दहा जणांना ओमाकासे जेवू घालणार, असं ताईने सांगितलं. ऐकून फार आनंद झाला. थोडं मनातलं आहे, म्हणून लिहिते.

ओमाकासे म्हणजे ‘तुमच्यावर सोपवलं’, हे तूच मला सांगितलंस. औद्योगिक वसाहतीतली पोरं पाळी सुटल्यावर माझ्याकडे जेवायला येतात तीही असंच सोपवून. आज काय केलंय, विचारत नाहीत. ताटात येईल ते जेवतात. त्या भरवशापायी कल्ले उघडून पाहिल्याशिवाय मी बांगडा घेत नाही.

रात्रीच्या जेवणाची मला काळजी नाही. तू घास पुढे ठेवणार आणि माणूस तो तुझ्यासमोर खाणार. डबा मात्र नजरेआड जातो. तो गाडीच्या डिकीत राहील, कंपनीच्या लॉकरमध्ये राहील, काम आटपेल तेव्हा उघडेल. महाडची मे महिन्यातली दुपार तुला माहीत आहे. भात फ्रीजमध्ये ठेवला तर ताठर होतो, बाहेर ठेवला तर कच्चा मासा टिकत नाही. व्हिनेगर भाताला सांभाळतं, माशाला नाही. मीठ-व्हिनेगरात मुरवलेल्या बांगड्यातही जंत जिवंत राहू शकतात. कच्चा खायचा मासा उणे 20 अंशांवर 7 दिवस गोठवावा लागतो. शिवाय बांगडा गरमीत राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, ते शिजवूनही जात नाही. सावित्रीतला किंवा काळ नदीतला मासा तर कच्चा वाढायचाच नाही, कोणी कितीही ताजा आणून दिला तरी.

म्हणून डब्यात उकडलेली कोळंबी, अंड्याचं तामागो आणि काकडी घाल. आणि कान्प्यो! जपानात ज्या भोपळ्याच्या पट्ट्या वाळवून सोया सॉस-साखरेत शिजवतात, तो आपल्या दुधीच्याच जातीचा. हे कळल्यापासून मला ती सुशी आपल्या परसातली वाटायला लागली आहे. पुढे जून-जुलैत मासेमारी बंद असते, मग श्रावण येतो. तेव्हाही कान्प्यो-काकडीचा डबा चालेल.

डब्याची किंमत कमी ठेव. 1820 च्या सुमारास एदोत, म्हणजे जुन्या टोकियोत, सुशीवाल्या हानाया योहेईच्या काळात निगिरी सुशी गाड्यांवर विकली जायची, कामकरी माणसं ती उभ्यानेच खायची. मुंबईत ताजमध्ये 2004 साली ‘वसाबी’ हे जपानी रेस्टॉरंट सुरू झालं आणि आपल्याकडे सुशी म्हटलं की मोठं हॉटेल डोळ्यांपुढे येऊ लागलं. माझ्याकडे जेवणाऱ्या पोरांनाही ती परवडायला हवी.

येताना तुझा तांदूळ आण. मी इंद्रायणीही शिजवून बघेन, चिकटपणा पुरतो का ते तूच सांग. दुधीच्या पट्ट्या कालच गच्चीवर वाळत घातल्या आहेत.

तुझी,
मावशी