गोळी तीच, वेळ निराळी

एप्रिल २०२१. येरमाळ्याच्या येडाईच्या चैत्री यात्रेचे दिवस, पण आमच्या कळंबात शुकशुकाट. ह्यांना ताप येऊन दुसराच दिवस. तपासणीत कोरोना निघाला. शेजारच्या काकूंनी दारातूनच गोळ्यांची उरलेली पट्टी पुढे केली. "आमचा धाकटा ह्याच गोळीनं वाचला बघ. लगेच दे." पट्टीवर नाव होतं, डेक्सामेथासोन.

पाण्याचा तांब्यासुद्धा भरला होता मी! पण ह्यांना मधुमेह, म्हणून आधी डॉक्टरांना फोन केला. ते जवळजवळ ओरडलेच, "अजिबात देऊ नका!"

नवव्या दिवशी ह्यांना धाप लागली. बोटाला लावायच्या यंत्रावर आकडा ८९. दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला, आणि त्याच डॉक्टरांनी त्याच औषधाचं इंजेक्शन दिलं. मला रागच आला. "तेव्हा नको म्हणालात, मग आज कसं चालतं?"

"वहिनी, पहिल्या आठवड्यात घरात चोर शिरलेला असतो. तेव्हा स्टिरॉइड देणं म्हणजे आपल्याच राखणदाराचे हात बांधणं. दुसऱ्या आठवड्यात चोराचा जोर ओसरतो, पण बिथरलेला राखणदार घरच्यांवरच काठी चालवतो. फुफ्फुसं सुजतात. त्याला आवरायला हे औषध."

ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' संशोधनाने जून २०२० मध्येच हे दाखवलं होतं. रोज ६ मिलिग्रॅम, फार तर १० दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, नुसत्या ऑक्सिजनवरच्यांतले एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागलाच नव्हता, त्यांना काहीच फायदा दिसला नाही.

दवाखान्यात ह्यांची साखर भराभर चढली, इन्सुलिन द्यावं लागलं. त्याच उन्हाळ्यात महाराष्ट्रात काळ्या बुरशीने किती जणांचे डोळे गेले! बेताल साखर आणि वारेमाप स्टिरॉइड, ही त्याची मोठी कारणं. दुसऱ्या दिवशीच ती गोळी दिली असती तर? अजून पोटात गोळा येतो.

बाराव्या दिवशी हे घरी आले. काकूंना मी काहीच बोलले नाही. त्यांच्या मायेत खोट नव्हती. त्यांचा धाकटा तेव्हा ऑक्सिजनवर होता, एवढंच त्या विसरल्या होत्या.

मैत्रिणींनो, दुसऱ्याच्या घरची उरलेली पट्टी कितीही मायेनं आली, तरी आधी डॉक्टरांना विचारा. आणि डॉक्टरांनी सुरू केलेलं स्टिरॉइड आपल्या मनाने बंदही करू नका.