दोन रायफली

गेल्या वर्षी कोलोरॅडोत भाच्याकडे गेलो, तेव्हा स्वारी पेचात होती. हरीण आणि एल्क, दोन्हींसाठी एकच रायफल घ्यायची, पण कोणती? टू-सेव्हन्टीचे काडतूस १९२५ सालचे, गोळी हलकी, धक्का बेताचा. थर्टी-ऑट-सिक्सचे १९०६ सालचे, गोळी जड. एल्क म्हणजे सांबराच्या जातकुळीतले, तीनशे किलोंचे धूड! मी पडलो शाळामास्तर, म्हणालो, “जडच घे.”

चांदमारीवर जडीच्या धक्क्याला भिऊन तो आधीच डोळे मिटू लागला, गोळ्या भरकटल्या. हलकीच्या मात्र एका जागी बसल्या.

“मामा, नेम चुकला तर जनावर रानात तडफडत मरेल,” तो म्हणाला.

त्याने हलकी घेतली. मला मात्र वर्गात रागाने झाडलेले माझे जड शब्द आठवले, आणि घायाळ होऊन गप्प बसलेली पोरे.