समुद्राचे शेजारी

परकी भाषा शिकणाऱ्यास कोश, क्रमिक पुस्तक आणि सरावाची वही ही निव्वळ साधने वाटतात. परंतु जपानी लिपीतील कांजी चिन्हांच्या सहवासात आयुष्याचा बराच काळ व्यतीत केल्यावर माझी अशी धारणा झाली आहे की, असे प्रत्येक साधन म्हणजे त्या अफाट मुलखाची कोणी तरी विचारपूर्वक लावलेली स्वतंत्र व्यवस्थाच असते.

पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असता माझा मुख्य आधार होता तो १९६२ साली प्रसिद्ध झालेला अँड्र्यू नेल्सन यांचा कोश. उच्चार ठाऊक नसलेले चिन्ह तेथे आकृतीवरून हुडकावयाचे. परंपरेने चालत आलेल्या २१४ मूलघटकांपैकी त्यात कोणता आहे हे ठरवावयाचे आणि उरलेल्या रेघा मोजावयाच्या. ‘उमी’ म्हणजे समुद्र. त्याच्या डाव्या अंगास पाण्याचे तीन फटकारे, उजवीकडे सहा रेघा. एवढ्या खुणेवर समुद्र सापडे, आणि त्याच्याच प्रकरणात तळे, लाट, पोहणे, सरोवर असा पाण्याचा सारा गोतावळा नांदत असे.

पुढे टोकियोत बिऱ्हाड झाले आणि मुलाच्या दप्तरातील सरावाच्या वहीत तोच समुद्र निराळ्या परिवारात भेटला. तुटक रेषांनी चार भाग केलेल्या चौकटीत, रेघांचा नेमून दिलेला क्रम पाळून, मुलगा तो गिरवीत असे. जपानी शिक्षणखात्याच्या फेरिस्तीत पहिलीला ८० आणि दुसरीला १६० चिन्हे. समुद्र दुसरीत येतो, आणि त्याच वर्षी आई, वडील, थोरला भाऊ, धाकटी बहीण हीही येतात. बालकाच्या जगात समुद्राचे स्थान घरच्या माणसांच्या इतके निकट असते, हे विद्वानांच्या कोशाने मला कधी सांगितले नव्हते.

जेम्स हायसिग यांच्या १९७७ साली प्रथम निघालेल्या, कांजी शिकविणाऱ्या पुस्तकाची तजवीज तर याहून वेगळी: आधी एक घटक शिकवावयाचा आणि मग त्यावर उभी राहणारी चिन्हे द्यावयाची. ‘प्रत्येक’ या अर्थाच्या चिन्हास पाण्याची जोड मिळाली की समुद्र होतो, काष्ठाची मिळाली की थंडी सरता सरता फुलणारा उमे वृक्ष. असा समुद्राच्या शेजारी एक फुललेला वृक्ष येऊन उभा राहिला.

आज विद्यार्थी मला उत्तम पुस्तक कोणते म्हणून पुसतात, तेव्हा मी त्यांस एकाच चिन्हाची तिन्ही ठिकाणी रुजवात घेण्यास सांगतो. २०१० च्या अधिकृत यादीतील २१३६ चिन्हे नुसत्या घोकंपट्टीने स्मरणात राहणे कठीण. चिन्ह टिकते ते त्याच्या नात्यागोत्यासह, आणि ही नाती जितक्या दिशांनी जुळतील तितकी विद्या पक्की होते.