रडल्याशिवाय

रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, ही म्हण आमच्या मराठवाड्यातल्या सभांमध्ये फार ऐकू येते. पाणी मागा, रेल्वे मागा, लातूर असो की नांदेड, वक्ता हीच म्हण काढतो आणि टाळ्या पडतात. मला अलीकडे त्या म्हणीतली आई टोचू लागली आहे. मागणाऱ्याला बळ यावं म्हणून आपण तिला निष्काळजी ठरवून बसलो.

शिवाय म्हण खरीही नाही. रडणं ही भुकेची शेवटची खूण. त्याआधी लेकरू ओठ चाटतं, मान वळवून छाती शोधतं, मूठ तोंडात घालतं. तेव्हाच पदराखाली घ्यावं. रडून लालबुंद झालेलं लेकरू नीट चोखतही नाही. पण हे दिसायला लेकरू जवळ हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दवाखान्यातली बाळंतपणं ८८.६ टक्के, आणि जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजलेली मुलं ४१.८ टक्के. सिझेरियन झालेली आई आत, लेकरू बाहेर आजीच्या मांडीवर, तिच्या बोटाला मध. ‘दूध उतरलंच नाही’ हे पहिल्याच दिवशी ठरून जातं. पहिले दोन-तीन दिवस येतो तो थोडासा, घट्ट, पिवळा चीक, आणि निरोगी बाळाच्या एवढ्याशा पोटाला तो पुरतो. गाईच्या चिकाचा खरवस आपण आवडीनं खातो. बाईचा चीक मात्र ‘जड असतो’ म्हणून पिळून टाकायला सांगणाऱ्या म्हाताऱ्या मी पाहिल्या आहेत. त्यांना दोष देववत नाही. त्याच म्हाताऱ्या सव्वा महिना बाळंतिणीच्या उशाशी बसतात, हाळीव-डिंकाचे लाडू वळतात, तिला पाण्यात हात घालू देत नाहीत.

आणि मग हिरकणी आठवते. रायगडावर दूध विकायला गेलेली, कोजागरीच्या संध्याकाळी दरवाजे बंद झाले म्हणून कडा उतरून घरी आलेली. पायथ्याच्या लेकराचं रडणं वर ऐकू येणं शक्य नव्हतं. मग तिला बोलावलं कोणी? कथा तिचं धाडस सांगते, तिच्या छातीबद्दल बोलत नाही. दिवसभर न पाजलेली बाई. दूध साठून दगड झालेली छाती, भिजलेली चोळी. लेकराच्या नुसत्या आठवणीनंही पान्हा फुटतो. रडत होतं ते तिचं अंग असणार. विकायचं दूध गडावर पोचलं होतं, लेकराचं दूध दरवाजात अडलं होतं. महाराजांनी तिथं बुरूज बांधला म्हणतात. एसटी स्थानकातल्या पाजण्याच्या खोलीला आज तिचं नाव आहे, ते मला मनापासून आवडतं.

पण दसऱ्यानंतर कंधार, मुखेड, जळकोटकडून ऊसतोडीला कोयते निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको दोघांचे हात लागतात. ओली बाळंतीण डोक्यावर मोळ्या वाहते. लेकरू बांधावरच्या साडीच्या झोळीत, राखायला थोरली बहीण. त्या बाळंतिणीला हिरकणी म्हणायला माझी जीभ धजत नाही. शूर म्हटलं की तिची सोय करायची आपली जबाबदारी सरते. मग तिनं काय करावं? मुकादमापुढे रडावं? लेकराआधी आईनंच रडायचं ठरलं, तर मी खोडायला निघाले ती म्हण पुन्हा उभी राहते. तिनं गप्प राहावं, असं तर मी म्हणू शकत नाही. कदाचित सभेतल्या वक्त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत असेल.

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यानं लेकरू १५ महिन्यांचं होईपर्यंत कामावरच्या आईला नेहमीच्या विश्रांतीखेरीज दिवसातून दोनदा पाजायला वेळ दिला. कारखान्यातल्या, दुकानातल्या, कार्यालयातल्या बाईसाठी तो आहे. मुकादमाची उचल घेऊन फडात उतरलेल्या बाईला तो मिळत नाही.