ढोबळी मिरचीची वाइन

सांतियागोत आल्यावर पहिल्यांदा कुणाकडे जेवायला गेले, तेव्हा हातात कार्मेनेरचा ग्लास आला. नाकाशी नेला आणि थबकलेच. कढईत ढोबळी मिरची परतून, वर पीठ पेरून आई झाकण ठेवायची. दोन मिनिटांनी झाकण उचललं की यायचा तो वास! कशी वाटली, असं यजमानांनी विचारल्यावर मी चेरी, आलुबुखार असं काहीबाही पुटपुटले. पहिल्याच भेटीत पाहुणीने वाइनला भाजी म्हणणं बरं दिसत नाही.

पुढे कळलं, की लाजायचं कारणच नव्हतं. कार्मेनेर आणि ढोबळी मिरची, दोघींचा तो हिरवा वास पायराझीन नावाच्या द्रव्यांमुळे येतो. द्राक्षं उन्हात पिकत जातात तसा तो ओसरतो. इथेच या वाइनची सगळी गंमत आहे.

ही जात मूळची फ्रान्समधल्या बोर्दोची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिकडची रोपं चिलीत आली. त्यानंतर फायलोक्सेरा या मुळांवरच्या किडीने युरोपातले मळे उजाड केले. बोर्दोवाल्यांनी नव्याने लागवड करताना कार्मेनेरला जवळजवळ वगळलंच, कारण ती उशिरा पिकते आणि फळही बेभरवशाचं धरते. चिलीत ती कीड पोचली नाही, पण इथे कार्मेनेर मेर्लोच्या नावावर खपत राहिली. 24 नोव्हेंबर 1994 रोजी झां-मिशेल बुर्सिको हे फ्रेंच द्राक्षवेलतज्ज्ञ माइपो खोऱ्यातल्या एका मळ्यात उभे होते. फुलांचे पिळलेले पुंकेसर पाहून त्यांनी सांगितलं, की ही मेर्लो नाही. मळा ‘कार्मेन’ वायनरीचा, हा निव्वळ योगायोग. तोवर मेर्लो पिकली की दोन्हींची एकदमच तोडणी व्हायची. कार्मेनेरला पिकायला तीन-चार आठवडे जास्त लागतात, म्हणजे ती कच्चीच खुडली जायची. मिरचीचा भपकारा येणार नाही तर काय!

आता तिला वेळ देतात, त्यामुळे वास उरतो तो मिरची खरपूस भाजल्यासारखा. काही उत्पादक तोही घालवायच्या मागे असतात. मला ते पटत नाही. तो वास काढला तर उरते एक गुबगुबीत लाल वाइन, जी कुठलीही असू शकते.

जानेवारीत ‘फेरिया’त, म्हणजे आमच्या आठवडी बाजारात, मोठ्या दाण्यांच्या मक्याचे ढीग लागतात. भाजीवाली ‘कासेरिता’ म्हणून हाक मारते, आपल्याकडच्या ‘ताई, काय देऊ?’च्याच सुरात. या मक्याचा पास्तेल दे चोक्लो करतात. मातीच्या वाडग्यात तळाला कांद्यात शिजवलेला खिमा, त्यावर कोंबडीचा तुकडा, उकडलेलं अंडं, बेदाणे, ऑलिव्ह. वरून तुळशीच्याच कुळातली आल्बाआका घालून वाटलेल्या मक्याचा जाड थर आणि चिमूटभर साखर. मग भट्टीत लालसर होईपर्यंत भाजायचं. इथे यासोबत कार्मेनेर ठरलेलीच. पहिल्या घासाला, खरं सांगते, जमत नाही. वरच्या साखरेमुळे वाइन आंबट लागते. चमचा तळाशी पोचून खिमा आणि खारट ऑलिव्ह आले, की मग सूर लागतो. ऑलिव्ह बीसकट असतं, तेवढे दात सांभाळा.

घरी आधी मी कोल्हापुरी मटणाबरोबर घेऊन पाहिली. फसलं. चौदा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. तिखटाच्या आगीत तेलच ओतलं. जमली ती भरल्या ढोबळी मिरचीशी. आत बेसन, दाण्याचं कूट, सुकं खोबरं, चिंच-गूळ आणि गोडा मसाला. बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायची, कारण उन्हाळ्यात इथली खोली तीस अंशांवर असते आणि कोमट कार्मेनेर नुसती दारूसारखी लागते. शेजारीणबाईंनी मिरची खाल्ली, वाइनचा घोट घेतला, पुन्हा मिरची खाल्ली आणि मसाल्याचा डबा हुंगायला मागितला. मी माझी जुनी ‘भाजी’ची कबुली दिली. त्या म्हणाल्या, “मग त्यात चुकलं काय?”

डबा आता तळाला गेलाय. कुणी इकडे येत असाल तर गोडा मसाला आणा, वाइन माझ्याकडे लागली. विमानतळावरच्या कृषी खात्याच्या फॉर्मवर मात्र मसाल्याची नोंद आधीच करा. तिथल्या कुत्र्यांची नाकं माझ्यापेक्षा तयार आहेत.